अंगठा आणि उलटं चाक

एक होता अंगठा, लग्नाचे फोटो काढणाऱ्या दौलतचा. जुन्या कॅमेऱ्याचं चाक उजवीकडे फिरवलं की फोटो उजळतो, एवढं त्याला झोपेतही ठाऊक. मग आला दुसऱ्या कंपनीचा नवा कॅमेरा. तो म्हणाला, "अंगठेबुवा, माझं चाक उलटं चालतं, बटणंही वेगळ्या जागी आहेत. सांगाल तसं बदलेन, पण घडीभर बसा तरी माझ्याजवळ."

"कालचा तू, मला शिकवतोस?" अंगठा फुगला.

लग्नाच्या दिवशी नेमकं आभाळ भरलं, मांडवात अंधारून आलं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. अंगठ्याने चाक उजवीकडे फिरवलं, तर नवरी काळवंडली. आणखी फिरवलं, तर दिसेनाशीच झाली. शेजारचं बोट ओरडलं, "मेल्या, अंतरपाट सरकतोय! मी बटण दाबू कसं?"

अंगठ्याला घाम फुटला. अंतरपाट काय दुसऱ्यांदा धरतात? "बाबा रे, तूच सांग!"

"डावीकडे!" कॅमेरा म्हणाला.

चाक फिरलं, अंतरपाट खाली आला, आणि नवरीची पहिली नजर लख्ख टिपली गेली.

संध्याकाळी अंगठा आपणहून कॅमेऱ्याजवळ जाऊन बसला.

"चाक तुमच्यासारखं करू?"

"तेवढं एक तू वळव," अंगठा म्हणाला. "बटणं आहेत तिथंच राहू देत. तिथवर मी वळतो."