पाठमोरी आई

एकदा एका गावच्या ग्रंथालयात एक अंध बाई आल्या. त्यांचे यजमान हयात होते तोवर चित्रपटगृहात शेजारी बसून हलक्या आवाजात पडद्यावरचे सारे काही सांगत असत. ते गेले आणि बाईंचे चित्रपट पाहणे थांबले. “दृश्यांचं वर्णनही ऐकवणारा एखादा मराठी चित्रपट मिळेल का?” त्यांनी विचारले.

वृद्ध ग्रंथपालांनी ते काम आपल्या तरुण शिष्यावर सोपवले. त्याने पुष्कळ शोध घेतला. कर्णबधिरांसाठी संवाद पडद्यावर लिहून येणारे काही चित्रपट मिळाले. वर्णनासह असलेले परभाषेतलेही सापडले. बाईंना हवा तसा मराठी चित्रपट मात्र त्याच्या हाती लागला नाही.

“मग निर्मात्याची परवानगी घेऊ आणि आपणच एखाद्या मराठी चित्रपटाला वर्णन जोडू,” ग्रंथपाल म्हणाले.

शिष्याने मन लावून वर्णन लिहिले, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. मुलगा भांडून घर सोडतो, त्या प्रसंगात तर त्याने जीव ओतला: ‘पुत्रवियोगाच्या वेदनेने व्याकूळ झालेली ती माउली...’ ग्रंथपालांनी ऐकले आणि नेमकी तीच वाक्ये काढायला लावली. त्या जागी एवढेच ठेवले: ‘आई पाठमोरी. खांदे झुकलेले. मुलाचं उष्टं ताट उचलून ती मोरीत ठेवते.’

शिष्य मनातून दुखावला. एवढ्या कोरड्या शब्दांनी बाईंना काय कळणार, असे त्याला वाटले. पण गुरूंच्या शब्दाबाहेर तो गेला नाही.

ग्रंथालयाच्या सभागृहात खेळ झाला. तो संपल्यावर शिष्याने न राहवून बाईंना विचारले, “त्या आईचं दुःख पोचलं ना तुमच्यापर्यंत?”

“दुःख कसलं? संतापली होती ती. ताट कसं आदळलं, ऐकलं नाहीस?”

“पण बाई, खांदे झुकले होते तिचे.”

“संतापानंही माणूस थकतं रे.”

शिष्याला पटेना, बाई माघार घेईनात. शिपाई सभागृह बंद करायला आला, तरी दोघांचा वाद चालूच होता.

बाई गेल्यावर ग्रंथपाल शिष्याला म्हणाले, “तुझी वाक्यं सुंदर होती. पण त्यांत आई दिसत नव्हती, तिच्याविषयीचं तुझं मत तेवढं होतं. डोळसांपुढे आपण दृश्य ठेवतो आणि अर्थ त्यांच्यावर सोडतो. मग या बाईंच्या हाती आयता अर्थ का द्यायचा? आज त्या तुझ्याशी भांडल्या. ज्यानं चित्रपट पाहिला, त्यालाच त्यावरून भांडता येतं.”

दुसऱ्या दिवशी शिष्य नव्या चित्रपटाचे वर्णन करायला बसला. पडद्यावर एक मुलगी हसली. ‘आनंदाने’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला. तो थांबला, दृश्य मागे नेऊन त्याने पुन्हा पाहिले आणि एवढेच म्हटले, ‘मुलगी हसते.’