माणिक नावाची मुलं

चार गावांचं राज्य असलेला एक राजा होता. राज्य लहान, पण त्याची एकुलती एक लेक माणिक त्याला राज्याहून मोठी वाटे. ती सहा वर्षांची असताना तापानं गेली. राजासमोर तिचं नाव कोणी काढेना, आणि तेच राजाला सोसेना. त्यानं दवंडी पिटवली: ज्याच्या घरी माणिक नावाचं मूल, त्याला एक दुभती गाय.

माणिक हे नाव मुलीला शोभतं, तसंच मुलालाही. मग काय, बारशाला आत्याबाईंना विचारतो कोण! पाळण्यापाळण्यात माणिक. एका घरात तर थोरली माणिक आणि धाकटाही माणिकच. राजा वेश बदलून गल्लोगल्ली हिंडे. ती हाक कानी पडली की त्याला बरं वाटे.

पण मुलं वाढली, तशी द्वाडही झाली. एक दिवस कुंभारवाड्यात राजानं ऐकलं, "माणके, मेले, समदी मडकी फोडलीस! मरत का न्हाईस एकदाची!"

त्यानं त्या सगुणा कुंभारणीला दरबारात उभं केलं. "माझ्या लेकीला मर म्हणतेस?"

"माज्या लेकीला म्हन्ते, म्हाराज," सगुणा म्हणाली. "गाईसाठी नाव ठिवलं, खोटं कशाला बोलू? पर आता ते तिचंच झालंया. जित्या पोराचं नाव रागानंबी घ्यावं लागतं. नुसतं जपून घेत्यात ते मेलेल्याचं."

राजाला ते पटलं. पण भर दरबारात कुंभारणीचं ऐकायचं कसं? त्यानं फर्मान काढलं: यापुढे हे नाव जो घेईल, त्याची जीभ छाटली जाईल.

सगळ्यांनी मुलांची नावं बदलली. जुनं नाव चुकून ओठांवर आलं, तर आया स्वतःच्याच तोंडात मारून घेत.

वर्षं लोटली. राजा अंथरुणाला खिळला. मरण्याआधी एकदा ते नाव कोणीतरी घ्यावं, एवढाच त्याला ध्यास लागला. त्यानं फर्मान मागे घेतलं, तरी कोणी धजेना. शेवटी त्यानं सगुणेच्या लेकीला बोलावलं. ती आता लेकुरवाळी झाली होती.

राजानं तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, तुझं नाव माणिक ना? एकदा सांग."

तिनं घाईनं तोंडावर पदर धरला. "न्हाई म्हाराज. आईची आण, माजं नाव चंद्रा. ते नाव आमच्या घरात कंदीच नव्हतं."

राजानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तो पुन्हा बोलला नाही.

तात्पर्य: मायेच्या माणसाचं नाव लोकांच्या तोंडी द्यावं, तर त्यांच्या रागालोभासकट द्यावं; त्यावर पहारा बसवला, की ते माणूस दुसऱ्यांदा मरतं.