दिवाणांच्या दारातला रस्ता

सोनवळ संस्थानच्या दिवाणांनी काळ्या चिकणमातीत चुना कालवून रस्ता बांधला. दोन वर्षांत त्याला भेगा पडल्या, तेव्हा दिवाणांनी खापर बैलगाड्यांवर फोडलं आणि भर दरबारात गाड्यांना बंदी मागितली.

राही कुंभारीण पुढे झाली. गाड्या थांबल्या तर तिची मडकी बाजाराला पोचणार नव्हती.

"महाराज, आधी रस्ता बघा. तुम्ही निघेपर्यंत मी इथून हलणार नाही."

तिने महाराजांना थेट दिवाणांच्या बंगल्यासमोर नेलं. तिथे गाड्यांना पहिल्यापासून मज्जाव होता, आणि तिथल्याच भेगांत अख्खा हात जात होता.

"सकाळी बागेचं पाणी इथे येतं, दुपारी वाळतं. चुना घातला तरी सारखी भिजून वाळणारी माती फुगते, आकसते, शेवटी फुटते."

"मडकी घडवणारीने मला रस्ते शिकवू नयेत," दिवाण गुरकावले. "भेगा ओझ्यानेच पडतात."

"बरं, ओझ्याने," राही म्हणाली. "मग महाराज, बंदी दिवाणसाहेबांच्या बग्गीला घाला. इथून दुसरं काहीच जात नाही."

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. "काय दिवाणजी, ओझं की पाणी?"

दिवाणांनी घाम पुसला. "पाणीच, महाराज."