एक स्पर्श, तीन स्पर्श

एक वृद्ध आचार्य आपल्या प्रयोगशाळेत सूत्रकृमी पाळीत असत. जंत म्हटले की आपल्याला लहान मुलाचे दुखरे पोट आणि वावडिंग आठवते. पण हे कृमी कोणाच्या पोटातले नव्हेत. ते मातीत राहणारे, लांबीला जेमतेम एक मिलिमीटर, आणि इतके पारदर्शक की आतले सगळे दिसावे. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू हेच त्यांचे अन्न. मात्र माणसाच्या जखमेत पू करणारे काही जंतू खायला घातले, तर चार-पाच दिवसांत कृमीच मरू लागतात. म्हणून एखादे औषध रोग्याला देण्याच्या कितीतरी आधी आचार्य ते कृमींना देऊन पाहत. औषधाने कृमी जास्त जगले, तरच पुढचे पाऊल.

त्यांची एक शिष्या होती. न भरणाऱ्या जखमेपायी तिच्या वडिलांचा पाय कापावा लागला होता, आणि तेव्हापासून तिने एका रानमुळीचा अर्क हाती धरला होता. दोन वर्षे खपून तिने वहीत लिहिले: अर्क दिलेल्या शंभरांतले सत्तर कृमी जगतात, न दिलेल्यांतले वीस. ही बातमी एका औषध-व्यापाऱ्याच्या कानी गेली. महिनाअखेरीस येतो, वही पाहतो आणि रुग्णांना मलम देऊन बघण्याची तयारी सुरू करतो, असा त्याचा निरोप आला.

त्या दिवशी आचार्य स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. कृमी मेला की जिवंत, हे ठरवायची रीत अशी: सूक्ष्मदर्शकाखाली काचेची बशी ठेवायची आणि निपचित पडलेल्या कृमीला प्लॅटिनमच्या तारेने हळूच स्पर्श करायचा. हलला तर जिवंत. न हलला तर मेला. मग त्याच तारेने उचलून त्याला शेजारच्या दिव्याच्या ज्योतीत धरायचे, म्हणजे उद्याच्या मोजणीत तो पुन्हा येत नाही. आचार्यांनी दोन तास पाहिले. उठताना एवढेच म्हणाले, "आठ बशा नव्याने मांड."

तिने मांडल्या. चार अर्काच्या, चार बिनअर्काच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तो काय, बशांवरच्या सगळ्या खुणा स्पिरिटने पुसलेल्या! त्यांच्या जागी नुसते आकडे.

"सर, हे कुणी केलं?"

"मी."

"आता कळायचं कसं कोणती कोणती? ते गृहस्थ पंधरा दिवसांत येतायत. माझ्या मुळीवर विश्वास नसेल तर सरळ सांगा ना!"

आचार्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून दाखवली आणि परत ठेवली. "कोणती कोणती ते यात आहे. पाचव्या दिवशी उघडू. तू मोज."

ती तणतणत मोजू लागली. पण आपली बशी कोणती हेच ठाऊक नसल्याने तिला प्रत्येक कृमीपाशी थांबावे लागले. पहिल्या स्पर्शाला न हललेले कित्येक कृमी तिसऱ्या स्पर्शाला डोके उचलत. पाचव्या दिवशी चिठ्ठी उघडली. अर्काच्या बशांत शंभरी एकोणसत्तर जिवंत होते. बिनअर्काच्या बशांत सहासष्ट.

"असं कसं, सर? मी एक आकडाही खोटा लिहिलेला नाही."

"नाही लिहिलास. म्हणून तर तुला दिसलं नाही," आचार्य म्हणाले. "त्या दिवशी मी तुझा हात पाहत होतो. अर्काच्या बशीत कृमी हलला नाही, की तू दुसऱ्यांदा स्पर्श करायचीस, मग तिसऱ्यांदा, मग शेपटीकडून. दुसऱ्या बशीत एकदाच, आणि लगेच 'मेला'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे घरात चालून जातं गं. वडिलांचा पाय तुझ्या मनात होता, ते मला समजतं. पण ज्यांचे पाय अजून शाबूत आहेत, ते तुझ्या वहीच्या भरवशावर दुसरा इलाज सोडून मलम लावीत बसले असते. मी दोन वर्षं तुझी वही तपासली, हात पाहिला नाही. ती शरम माझी."

मग तिची नजर दिव्याकडे गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, मेले म्हणून मी जे ज्योतीत धरले..."

"त्यांतले काही जिवंत होते."

तिला इतकी लाज वाटली की हातातली तार तिने टेबलावर ठेवली आणि दोन दिवस तिला हात लावला नाही.

व्यापारी ठरल्या दिवशी आला. आचार्य बोलू लागले, तर तिने त्यांना थांबवले. "वहीतले आकडे धरू नका. चूक माझ्या हातून झाली आहे," ती मान खाली घालून म्हणाली आणि कशी झाली तेही तिने सांगितले.

"म्हणजे मुळीत गुण नाही?"

"ते मला माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी जेवढं माहीत नव्हतं, तेवढंच आजही नाही."

व्यापारी निघून गेल्यावर तिने आठ बशा पुन्हा मांडल्या, स्पिरिटचा बोळा स्वतःहून आचार्यांच्या हाती दिला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

ही गोष्ट सांगणारा मीही आपल्या माणसांना तीनतीनदा पारखतो, इतरांना एकदाच; एकाच स्पर्शानंतर 'मेली' म्हणून मी सोडून दिलेली माणसे मोजायला बसलो, तर मलाही मान वर करता यायची नाही.