तिसऱ्या ओढ्यावरून माघारी

फार जुनी गोष्ट आहे. चारी बाजूंनी डोंगर आणि मधोमध एक मोठं तळं. तळ्याच्या अलीकडच्या काठावर गाव होतं आणि पलीकडच्या काठावर एकच घर. गावात सारजा राहायची आणि त्या एकट्या घरात तिची धाकटी बहीण, ठकू.

रोज संध्याकाळी सारजा पाण्याला गेली की पलीकडे ठकूच्या चुलीचा धूर दिसायचा. धूर दिसला म्हणजे बहीण बरी आहे, असं समजून ती घागर उचलायची. त्या वर्षी पाऊस हटायचं नाव घेईना. दसरा उलटला तरी दुपारनंतर डोंगरावर धो धो कोसळायचा. अशातच एका वादळात गावातली एकुलती एक होडी खडकावर आपटून फुटली. आणि त्यानंतर चार दिवस पलीकडे धूर दिसला नाही.

ठकूचा नवरा मीठ आणायला घाटाखाली गेलेला. घरात ती एकटीच. सारजा पाटलांकडे गेली.

पाटील म्हणाले, "होडी दुरुस्त व्हायला पंधरा दिवस लागतील. आणि काठाची वाट या दिवसांत कुणी चालत नाही. दिवाळीपर्यंत कळ काढ, बाई."

"मी काढीन कळ," सारजा म्हणाली, "पण तिकडे तिचं काय झालंय कुणाला ठाऊक? मी तळ्याला वळसा घालून जाणार."

तिचा थोरला भाऊ भिवा लाकडं तोडायचा. अंगाने दणकट, स्वभावाने उतावळा. तो लगेच कुऱ्हाड खांद्यावर टाकून उभा राहिला. "चल, आत्ता निघू!"

"आत्ता नको, दादा. आधी वाट विचारू."

दोघं कोंडीबाबाकडे गेली. या म्हाताऱ्या धनगराने उभा जन्म त्या डोंगरांत मेंढ्या चारल्या होत्या. त्याने अंगणातल्या ओल्या मातीत काठीने तळं काढलं.

"काठाकाठाने जाऊ नका, तिथे दलदल आहे. माणूस कमरेपर्यंत आत जातो. वरच्या झाडीतून जा. वाटेत तीन ओढे लागतील. पहिले दोन गरीब आहेत. तिसरा ठकूच्या घरापुढचा, तो लबाड. सकाळी गुडघाभर असतो. पण दुपारी वर पाऊस झाला की बघता बघता छातीला लागतो."

सारजाने तिथेच मनाशी खूणगाठ बांधली. "दादा, सूर्य डोक्यावर यायच्या आत तिसरा ओढा ओलांडला, तर पुढे. नाहीतर तिथूनच माघारी. कबूल?"

"कबूल, कबूल," भिवा म्हणाला. "एवढी काय वाट ती!"

सारजाने पीठ, गूळ, चकमक आणि सुक्या काटक्या मेणकापडात बांधल्या. जाड दोर घेतला. चिखल चाचपायला बांबूच्या दोन काठ्या घेतल्या. जळवांसाठी पायांना तंबाखूचं पाणी चोळलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर दोघं निघाली. वाट म्हणजे नुसता राडा होता. शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरेना. एक पाऊल टाकायचं, काठीने पुढचं चाचपायचं, मग दुसरं. घटकाभराच्या चालीला दोन घटका लागल्या. तिसऱ्या ओढ्याशी पोचेपर्यंत सूर्य डोक्यावरून कलला होता.

समोर, हाकेच्या अंतरावर, घर होतं. आणि दारात ठकू बसली होती! तिने दोघांना पाहिलं, उठायची धडपड केली, पण ती उभी राहू शकली नाही. नुसता हात वर केला. ओढ्याच्या आवाजात तिचा शब्दही ऐकू येईना.

डोंगरमाथा काळा झाला होता. पाणी गढूळ होऊन फुगत चाललं होतं.

सारजाने एकदा ठकूकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग ती म्हणाली, "दादा, माघारी."

"वेड लागलं का तुला? बहीण समोर दिसतेय!"

"दिसतेय म्हणूनच आपलं डोकं चालत नाहीये. काल डोकं ठिकाणावर होतं, तेव्हा जे ठरवलं तेच करायचं."

"तू बस ठरवत. मी चाललो."

भिवा ऐकेना, तेव्हा सारजाने दोराचं एक टोक जबरदस्तीने त्याच्या कमरेला बांधलं आणि दुसरं झाडाला. तो चार पावलं गेला असेल नसेल, वरून लोंढा आला आणि त्याचे पाय उचलले गेले. डोक्यावरचं गाठोडं वाहून गेलं. सारजाने खोडाला टाच लावून दोर ओढला, हात सोलून निघाले, तेव्हा कुठे तो काठाला लागला.

सारजाने पलीकडे बघून दोन्ही हात उंच केले आणि उद्या उजाडताच येतो, अशा खुणेने पूर्वेकडे बोट दाखवलं. मग पाठ फिरवली.

गावात लोक म्हणाले, "बघ, सांगितलं होतं. गेली तशीच आली ना?"

सारजाने नवं गाठोडं बांधलं. दिवसभरात वाटेवर कुठे किती वेळ गेला, ते भिवाबरोबर बसून पुन्हा मोजलं. "दुप्पट वेळ धरायचा," ती म्हणाली. "तांबडं फुटायला निघायचं." या वेळी भिवाने मान डोलावली, आणि पहाटे तोच आधी तयार होता.

दोघं तिसऱ्या ओढ्याशी पोचली तेव्हा सकाळचं ऊन पाण्यावर आलं होतं. ओढा गुडघ्याएवढाच होता. दोर बांधून, एकमेकांचा हात धरून दोघं पलीकडे गेली.

ठकूचा पाय सुजून भोपळा झाला होता. वादळात ती ओट्यावरून पडली होती. सरपणाला जाता येईना आणि घरातला विस्तव विझलेला. भिजवलेल्या डाळीवर तिने दिवस काढले होते. भिवाने चूल पेटवली. सारजाने पायाला पट्ट्या बांधल्या आणि पेज करून तिला भरवली.

भिवा खाली मान घालून म्हणाला, "ठके, काल आम्ही दारातून परत गेलो. तुला काय वाटलं असेल!"

ठकू हसली. "दादा, तू पाण्यात शिरलास तेव्हा माझा जीव गेला होता. म्हटलं, माझ्यापायी हा जातो. पण अक्का माघारी फिरली ना, तशी मी निवांत झोपले. म्हटलं, ती ठरवून फिरलीये, म्हणजे उद्या नक्की येणार."

यातून घ्यायचं ते एवढंच: निश्चय पक्का असेल तर एक पाऊल मागे घेतल्याने तो मोडत नाही, घाईला धैर्य समजलं की मात्र माणूस वाटेतच वाहून जातो.