अस्वलाने सपाट केलेला रस्ता

मोहाची झाडे दाट असलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. मुलांनो, त्या जंगलात अस्वले पुष्कळ होती, पण अंगण करावे तर याच अस्वलाने, असे सारे म्हणत. मोह फुलण्याआधी ते झाडाखालची जागा खरवडून घेई, उंचवट्याची माती खळग्यात लोटी आणि पंजाने थापून सारे असे सपाट करी की वरून पडलेले फूल पडल्या जागीच राहावे, जराही घरंगळू नये. दुसऱ्यांच्या झाडांखाली अंगण करायचे असले तरी बोलावणे त्यालाच येई. स्तुती ऐकायची त्याला फार हौस होती. कुणी नुसते "वा!" म्हटले तरी ते केलेले अंगण पुन्हा एकदा थापून दाखवी.

या अस्वलाची आई ते अगदी लहान असतानाच गेली होती. तेव्हा एका नीलगायीने त्याला आपल्या वासरांबरोबर वाढवले. तिच्या पोटाशी ते निजले आणि तिच्या मागे मागे चालत पाणवठ्याची वाट शिकले. तिला ते मावशी म्हणे. इतरांचे बोलणे ते एका कानाने ऐके आणि दुसऱ्या कानाने सोडून देई, पण मावशी बोलू लागली की हातातले काम टाकून उभे राही.

एका हिवाळ्यात ही नीलगाय डोहाकाठच्या चिखलात घसरली आणि तिचा मागचा पाय मोडून त्यावर जखमही झाली. वानरांनी बांबूच्या कांबी लावून पाय वेलींनी घट्ट बांधला. डोहातले म्हातारे कासव जंगलाची वैद्यकी करी. त्याने पाय नीट पाहिला आणि ते म्हणाले, "हाड जुळायला लागलंय. पण ही जागा ओलीची आहे, इथं जखम चिघळेल. आठ दिवसांच्या आत हिला वर माळावर, कोरड्यात न्या. मात्र वाटेत दणका बसता कामा नये. जुळत आलेलं हाड निसटलं, तर ही जगेल, पण पुन्हा पळणार नाही."

नीलगायीचे सारे जगणे पळण्यावर असते. जी पळू शकत नाही, ती कळपाबरोबर राहू शकत नाही.

डोहापासून माळापर्यंत एक खडीचा रस्ता होता. माणसांनी तो दगडाच्या खाणीसाठी केला होता. खाण संपली तशी माणसे निघून गेली आणि एक ट्रॅक्टर, एक ट्रॉली आणि ट्रॅक्टरच्या मागे जोडायची चार अवजारे पत्र्याच्या शेडमध्ये टाकून गेली. अस्वल तो ट्रॅक्टर चालवायला शिकले होते. (डिझेल कुठून येई, असे मला विचारू नका. गोष्टीतल्या ट्रॅक्टरला ते पुरते.) पण रस्त्याची पार दैना झाली होती. खड्ड्यांत ससा बसला तर त्याचे कानच तेवढे दिसत. ट्रॉलीतून लाकडे आणली तर अर्धीअधिक वाटेतच उडून पडत.

"रस्ता मी करतो," अस्वल म्हणाले. "सपाट करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

ते शेडमध्ये गेले. तिथे एक म्हातारी सायाळ राहत होती. माणसे असताना ती पत्र्याखालच्या बिळातून त्यांचे काम दिवसभर बघत बसे. अंगावरचे लांब काटे सावरत ती बाहेर आली. समोर नांगर होता, रोटाव्हेटर होता, एक लांब रुंद पाते होते आणि एक लोखंडी पेटी होती. त्या पेटीला खालून पाच दणकट दाते होते.

"अस्वलदादा, आधी ती दात्यांची पेटी जोड," सायाळ म्हणाली. "सगळ्यांत खोल खड्डा असेल तितके दाते खाली सोडायचे आणि अख्खा रस्ता उकरून काढायचा. जुना खड्डा मुळापासून मोडला पाहिजे. मग दाते वर घेऊन त्याच पेटीनं खडी सारखी पसरायची. पाते शेवटी. तेही तिरकं लावून, दोन्ही कडांची खडी मधे ओढायची. रस्ता मधे थोडा फुगीर हवा, आपल्या कासव वैद्यबुवांच्या पाठीसारखा, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जातं."

अस्वलाने नाक मुरडले. "सायाळकाकू, मला रस्ता दुरुस्त करायचाय की नांगरायचाय? आहे तोही उखडून टाकला तर लोक हसतील मला. आणि मधे फुगीर? आजवर मी केलेल्या अंगणात कुणाला उंचवटा दिसलाय का?"

"रस्ता म्हणजे अंगण नव्हे रे," सायाळ म्हणाली. पण तोवर अस्वलाने पाते जोडून तिन्ही पिना ठोकल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत काम झाले. पाते सरळ धरून अस्वलाने उंचवटे खरवडले, कडेची सुटी खडी ओढून खड्ड्यांत लोटली आणि वरून पाते फिरवून सारा रस्ता एकसारखा केला. काय तो रस्ता दिसत होता! हरणे आली, मोर आले, वानरे तर रस्त्यावर लोळण घेऊन गेली. "हे तर मोहाचं अंगणच झालं," सगळे म्हणाले, आणि अस्वलाची छाती फुगली. सायाळ तेवढी एका ठिकाणी थांबली. आदल्या दिवशी जिथे खड्डा होता तिथे तिने आपला एक गळलेला काटा रोवला. काटा लोण्यात जावा तसा टोकापर्यंत आत गेला. शेजारच्या जुन्या रस्त्यावर तोच काटा नखभरही जाईना.

"बघ दादा, खड्डा आहे तिथंच आहे," ती म्हणाली. "वरून नुसती सुटी खडी पडलीये. तिची आणि खालच्याची गाठच बसलेली नाही."

"तुझे काटे तुझ्याजवळच ठेव," अस्वल चिडून म्हणाले. मुलांनो, खरे सांगायचे तर तो काटा आत जाताना त्यानेही पाहिला होता. पण एवढ्या स्तुतीनंतर रस्ता पुन्हा उकरायचा, हे त्याच्याने होईना.

मावशीला लगेच न्यावे, असे वैद्यबुवांनी सुचवले. अस्वल म्हणाले, "परवा नेऊ. पलीकडच्या डोंगरातलेही सगळे येणार आहेत, त्यांनाही रस्ता बघू दे." आठ दिवसांची मुदत होतीच, म्हणून वैद्यबुवांनी हट्ट धरला नाही. त्या दोन दिवसांत अस्वल शेडबाहेर बसून पाहुण्यांची वाट बघत होते, आणि रस्त्याच्या वळणावर डोंगराचा पाझर आपले काम करत होता. एरवी ते पाणी उतारावरून ओघळून जाई. आता रस्ता ताटासारखा सपाट झाल्यामुळे ते तिथेच साचले, सुट्या खडीत मुरले आणि खड्ड्यातल्या भरावाचा आतून चिखल झाला. वरून काहीच दिसत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीत जाड गवत अंथरून नीलगायीला त्यावर निजवले. वैद्यबुवा तिच्या पायाशी बसले. दोन्ही बाजूंना जनावरांची रांग लागली होती. अस्वल ट्रॅक्टर अगदी हळू चालवत होते आणि दर थोड्या वेळाने मागे वळून "मावशी, ठीक ना?" असे विचारत होते. "ठीक आहे रे," ती म्हणत होती. पाझराच्या वळणावर ट्रॉलीचे डावे चाक एकदम खचले. ट्रॉली धाडकन कलली आणि बांबूची कांब मोडल्याचा आवाज अस्वलाने इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकला.

नीलगाय ओरडली नाही. तिने फक्त डोळे मिटले आणि तिचे सारे अंग थरथरू लागले. वैद्यबुवांनी पाय चाचपला.

"हाड निसटलं," ते म्हणाले. "पुन्हा बांधतो मी. पण आता ते सरळ जुळायचं नाही. आणि ऐक, पुढं असेच आणखी खड्डे असतील तर पुढच्या दणक्याला जखम फुटेल. मागं नेलं तर ओल आहे. मग हिचा जीवही माझ्या हातात राहणार नाही."

जमलेली जनावरे खाली बघू लागली. अस्वलाला मोठ्याने रडावेसे वाटले, पण रडायलाही वेळ नव्हता. ट्रॉलीची चाके हलू नयेत म्हणून त्यांना दगड लावून त्याने ट्रॅक्टर सोडवला आणि कडेने वळवून थेट शेडकडे नेला.

"सायाळकाकू," ते खाली उतरून म्हणाले, "माझं चुकलं. दाते किती खाली सोडू?"

सायाळीने चुका काढत बसण्यात वेळ घालवला नाही. तिने आपला सर्वांत लांब काटा त्याच्या हातात दिला. "वळणापासून माळापर्यंत प्रत्येक खड्ड्यात हा रोवून बघ. सगळ्यांत खोल जाईल तिथवर दाते सोड. आणि पेटी ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा आवळून घे, म्हणजे पेटी पुढं झुकेल आणि दाते जमीन धरतील."

मग अस्वलाने आपल्याच हातांनी केलेला तो देखणा रस्ता उकरायला घेतला. दाते कडकडत खाली गेले. जुनी घट्ट खडी मोठमोठ्या ढेपांनी वर आली. जनावरांच्या डोळ्यांदेखत अंगणासारख्या रस्त्याचे नांगरट झालेले शेत झाले. "आता हे काय केलंस?" वानरे ओरडली. एरवी एवढ्या बोलण्याने अस्वल खचले असते. आज त्याने मान वर करून पाहिलेही नाही. उकरून झाल्यावर त्याने दाते वर घेतले, पेटीने खडी सारखी केली, मग पाते तिरके लावून दोन्ही कडांनी फेऱ्या मारल्या आणि मधे फुगवटा आणला. पाझरासाठी कडेने चर काढला. हरणांनी तोंडाने पाणी आणून शिंपडले, आणि अस्वलाने ट्रॅक्टरची चाके पुन्हा पुन्हा फिरवून सारे दाबून काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी सायाळीने जागोजाग काटा रोवून पाहिला. तो कुठेच शिरला नाही.

वैद्यबुवांनी पाय दोनदा बांधून घेतला, सगळ्यांनी मिळून खचलेले चाक अलगद वर उचलले आणि ट्रॉली निघाली. वळण गेले, चढ गेला. अस्वलाची मागे वळून विचारायची छाती होत नव्हती. माळावर पोहोचल्यावर ते खाली उतरले आणि ट्रॉलीजवळ जाऊन उभे राहिले.

"मावशी, कुठं दणका बसला का गं?"

"नाही रे," नीलगाय डोळे उघडत म्हणाली. "मला तर झोप लागली होती."

"म्हणजे रस्ता चांगला झाला."

"चांगला झाला, बाळा." नीलगायीने माळाकडे पाहिले. तिचा कळप लांबवर धूळ उडवत पळत होता. "तीन दिवस आधी झाला असता, तर मी याच रस्त्यानं पळत तुला भेटायला आले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. अस्वलाला वाटले, राग असता तर बरे झाले असते. कळप टेकडीआड जाईपर्यंत ते तिच्याजवळ मान खाली घालून बसून राहिले.

तात्पर्य : वरून बुजवलेला खड्डा दिसेनासा होतो, पण नाहीसा होत नाही. आपले काम चुकले आहे असे कळताच ते मोडून पुन्हा करावे. लोकांच्या स्तुतीसाठी ते तसेच ठेवले, तर त्याचे मोल आपल्या जवळच्या माणसाला भरावे लागते.