जानकाबाईची पायरी

१९७४ साल. भाद्रपद सरत आला होता, भात पोटरीला आलं होतं आणि रानडुकरं शेतात उतरू लागली होती.

कोकणातल्या एका गावात तेव्हा एक म्हातारा लोहार होता. शेतराखणीसाठी सरकारने परवाने दिलेल्या ठासणीच्या बंदुका तो दुरुस्त करी. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. तीन वर्षांत तो सगळं काम शिकला. एक गोष्ट मात्र त्याला उमगली नव्हती. दुरुस्त केलेल्या बंदुकीचा घोडा, म्हणजे केपेवर आपटून बार उडवणारा लोखंडी तुकडा, म्हातारा काढून घेई आणि टेकडीवर राहणाऱ्या जानकाबाई नावाच्या विधवेकडे पाठवी. ज्याची बंदूक असेल त्याने टेकडी चढायची आणि बाईकडून घोडा मागून आणायचा.

एका दुपारी सुपारीचा व्यापारी भट्टीवर आला. सदरा खांद्यावर फाटला होता. बांधावरून सख्ख्या भावाशी त्याची जुंपली, हे सकाळीच गावभर झालं होतं.

"माझी बंदूक."

म्हाताऱ्याने दिली. व्यापाऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"घोडा?"

"जानकाबाईकडे."

"माझा परवाना आहे, म्हाताऱ्या!"

"परवाना डुकराचा आहे, शेट. भावाचा नाही."

शिष्याच्या हातातला भाता थांबला. व्यापारी ओरडला, "बंदूक काय करते? करणारा माणूसच असतो ना?"

"म्हणून तर टेकडी माणसाला चढायला लावतो."

"उद्या तालुक्याला जातो. तुझी भट्टीच बंद करतो."

"कर. उद्या कर. आज घोडा इथे मिळायचा नाही."

व्यापारी शिव्या देत टेकडीकडे वळला. म्हातारा शिष्याला म्हणाला, "मागोमाग जा. मध्ये बोलू नकोस."

चढण अर्ध्या तासाची. ऊन मी म्हणत होतं. व्यापारी अंगाने सुटलेला, वाटेत दोनदा थांबला. जानकाबाई पायरीवर बसून चवळी सोलत होती.

"घोडा दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"डुकरं उतरतात."

"भर दुपारी?"

बाई आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बस. धाप लागलीय तुला." तो बसला, पाणी प्यायला. मग ती म्हणाली, "याच पायरीवर माझा माणूस आणून ठेवला होता. आता सांग. कोणावर चालवायचीय?"

व्यापाऱ्याने तांब्या खाली ठेवला, बंदूक भिंतीला टेकवली आणि तो रिकाम्या हातांनी खाली उतरला.

शिष्याने भट्टीवर येऊन सगळं सांगितलं आणि विचारलं, "आबा, मारायचंच असतं तर त्याच्या घरात कोयता आहे की."

"कोयता हातभर पोचतो. भाऊ पळतो, बायका मध्ये पडतात, फार तर डोकं फुटतं. बंदुकीपुढून पळून दाखव. अरे, राग घटकाभराचा असतो. त्या घटकेला बंदूक हाताशी लागली की एक मातीत जातो, दुसरा तुरुंगात. लोक म्हणतात, आधी माणसं सुधारा. सुधारा की! तोवर घोडा टेकडीवरच राहील. ज्याला डुक्कर मारायचंय, त्याने तो सकाळी जाऊन आणावा. डुक्कर काही पळून जात नाही, रोज येतं."

"पण जानकाबाईकडेच का?"

म्हाताऱ्याने हातोडा खाली ठेवला.

"तीस वर्षांपूर्वी एक जण असाच आला होता. मी घोडा बसवून बंदूक त्याच्या हातात दिली. कशाला, एवढंही विचारलं नाही. तासाभरात तिचा नवरा गेला. माझा मित्र होता तो. ती मला भावजी म्हणायची. तेराव्याला गेलो तेव्हा म्हणाली, 'तू विचारलं नाहीस. आता मी विचारीन. यापुढे घोडे माझ्याकडे पाठव.' त्यानंतर तिने मला हाक मारली नाही, या दारात पाऊल टाकलं नाही. त्या घराचा एक जीव मी देणं लागतो."

दुसऱ्या दिवशी तालुक्याला कोणी गेलं नाही. सकाळपासून दोघे भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पिढ्या दोघांच्या एकच, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. आवाज टेकडीपर्यंत पोचत होता.

दुपारी जानकाबाई काठी टेकत खाली आली आणि भट्टीच्या दारात उभी राहिली. म्हातारा उठला.

"दोघांचेही आवाज ऐकले," ती म्हणाली. "भावजी, फिटलं."